शेगडी तापेना : अकरा दिवस आणि 300 रुपये

‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारलेले इंडक्शन शेगडीचे एक कार्ड आमच्या स्वयंपाकघरातील फळीवर डब्याखाली दाबून ठेवलेले आहे. या तीन शब्दांसाठी मी खानापूरहून बेळगावला तीन खेपा घातल्या, अकरा दिवस वाट पाहिली आणि वर 300 रुपये मोजले. दोष होता, आणि तो आमच्या गल्लीतल्या वायरमनला पाव तासात सापडला, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

2023च्या ऑगस्टपासून कर्नाटकात गृहज्योती योजनेखाली घरगुती ग्राहकांना महिन्याला 200 युनिटांपर्यंत वीज मोफत मिळू लागली आणि इंडक्शन शेगडी घ्यावी असे आमच्याकडेही बोलले जाऊ लागले. ही सवलत सरसकट 200 युनिटांची नसते, आधीच्या वर्षाच्या सरासरी वापरावर थोडी वाढ धरून ती ठरते; तरीही 2000 वॉटची शेगडी अर्धा तास पूर्ण जोरात चालली तर एकच युनिट जळते, असा हिशेब करून आम्ही गेल्या नोव्हेंबरात शेगडी घेतली. दूध, चहा आणि सासूबाईंच्या शेकाचे पाणी तिच्यावर होऊ लागले आणि गॅसचा सिलिंडर बारा-पंधरा दिवस जास्त पुरू लागला.

जुलैत एका संध्याकाळी तारांवर झाड पडले आणि गेलेली वीज दुसऱ्या दिवशी सकाळी आली. दूध तापत ठेवले, तर शेगडीने नेहमीसारखी शिट्टी दिली, आतला पंखा फिरू लागला आणि पाच-सात सेकंदांत पडद्यावर एक खूण दाखवून ती थांबली. माहितीपत्रकात त्या खुणेपुढे ‘विजेचा दाब कमी’ असे लिहिले होते. (प्रत्येक कंपनीच्या खुणा वेगळ्या असतात, त्यामुळे शेजारणीच्या शेगडीचे पत्रक पाहून काही ठरवू नये.) घरातले सगळे दिवे लख्ख लागत होते आणि टीव्ही चालू होता, तेव्हा दाब कमी कसा असेल, असे म्हणून मी ती खूण खोटी ठरवली. येथे माझे चुकले. दिव्याला दहा-वीस वॉट लागतात आणि मोबाईलचा चार्जर तर 100 व्होल्टांवरही चालतो. त्यांच्यावरून आठ-नऊ अँपिअर ओढणाऱ्या शेगडीचा अंदाज करता येत नाही.

मी एमसीबी (आपोआप पडणारा विजेचा खटका) खाली-वर करून पाहिला, पीन काढून अर्धा तास शेगडी तशीच ठेवली आणि भांड्याच्या बुडाला चुंबक चिकटतो का तेही तपासले. पीन काढली तेव्हा तिच्या तीन दांड्यांपैकी एक काळपट दिसली. स्वयंपाकघरातला मेणचटपणा असेल असे समजून मी ती तारेच्या घासणीने लख्ख घासली, आणि वस्तू दुरुस्तीला द्यायची तर स्वच्छ द्यावी म्हणून शेगडीही पुसून ठेवली.

कंपनीच्या फोनवरील बाईंनी लक्षणे ऐकून शेगडीच्या आतला ‘बोर्ड गेला असेल’ असे सांगितले आणि माणूस तालुक्याला येत नसल्यामुळे शेगडी बेळगावच्या सेवा केंद्रात आणण्यास सुचवले. सुमारे 26 किलोमीटरांचा प्रवास, बाहेर पाऊस, मांडीवर प्लास्टिकात गुंडाळलेली शेगडी. केंद्रात गेल्यावर बिल मागितले गेले. पाकिटातून काढलेला कागद पूर्ण पांढरा निघाला! गुळगुळीत कागदावरचे ते छापील बिल मी गॅसजवळच्या खणात ठेवले होते आणि आठ महिन्यांच्या उष्णतेत त्यावरची अक्षरे उडून गेली होती. वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का होता, पण तारीख लिहिलेली नव्हती. ‘काकू, तारखेशिवाय आम्हाला घेता येत नाही बघा,’ एवढे सांगून काउंटरवरच्या मुलाने शेगडी माझ्याकडे परत सरकवली. दुकानदाराने मोबाईल क्रमांकावरून दोन मिनिटांत दुसरी प्रत काढून दिली, हे त्याचे उपकारच. पण तोवर केंद्राची जेवणाची सुट्टी झाली, मग परतीची बस, आणि पहिली खेप अशी संपली.

दुसऱ्या खेपेला शेगडी जमा झाली. कन्नड आणि इंग्रजीत छापलेला अर्ज मी भरला आणि ‘लक्षण’ या रकान्यात ‘तापत नाही’ असे लिहिले. येथे थोडे थांबून सांगते : इतके मोघम कधीही लिहू नये. ‘वीज जाऊन आल्यापासून पाच-सात सेकंदांत अमुक खूण दाखवून थांबते’ असे लिहिले असते, तर वाचणाऱ्याला निदान घरच्या वायरिंगबद्दल विचारण्याचे सुचले असते. पावतीवर दोन दिवसांचा वायदा होता. तिसऱ्या दिवशी फोन केला, तेव्हा तपासणी व्हायची आहे असे कळले. पाचव्या दिवशी तपासणारा माणूस दुसऱ्या गावी गेलेला होता. सातव्या दिवशी ‘सामान यायला पायजे की’ असे उत्तर मिळाले. तपासणीच झाली नसताना कोणते सामान यायचे, हे मी विचारले, तेव्हा फोन दुसऱ्याकडे दिला गेला आणि त्या दुसऱ्याने ‘नाळे’ म्हणून ठेवून दिला. नाळे म्हणजे उद्या, हे या भागात कोणाला सांगावे लागत नाही. तो उद्या चार दिवसांनी उजाडला.

अकराव्या दिवशी मी न कळवता जाऊन उभी राहिले. शेगडी मी ठेवली तशीच, माझ्याच प्लास्टिकात, माझीच गाठ मारलेली, मागच्या मांडणीवर होती. माझ्यासमोर ती पहिल्यांदा बाहेर निघाली. एका तरुणाने स्टीलच्या पातेलीत पाणी घालून ती लावली आणि चार मिनिटांत पाणी खळखळू लागले. ‘चालते की हो काकू!’ तो आनंदाने म्हणाला. माझा संताप अनावर झाला, कारण ही चार मिनिटे पहिल्याच दिवशी खर्च करता आली असती. त्यावर कहर म्हणजे दोष न निघाल्यास वॉरंटी लागू होत नाही, या नियमाने 300 रुपये तपासणी शुल्क मागण्यात आले. मी वाद घातला, आवाजही चढला, आणि शेवटी बस चुकू नये म्हणून पैसे दिले.

घरी येऊन लावली, तर पाच सेकंदांत तीच खूण. या वेळी मात्र डोके चालले आणि मी शेगडी उचलून समोरच्या वहिनींकडे नेली. त्यांच्या स्वयंपाकघरात ती व्यवस्थित चालली. शेगडी बंद पडल्यावर सर्वांत आधी करायची गोष्ट मी अशी सर्वांत शेवटी केली.

वायरमनने मुख्य बोर्डावर दाब मोजला, तो 226 व्होल्ट होता. मग जाड वायरचा मल्टिप्लग लावून सॉकेटवर मोजला, तेव्हा शेगडी बंद असताना तितकाच आणि चालू करताच 170च्या खाली. मेन बंद करून त्याने सॉकेट उघडले. न्यूट्रलचा, म्हणजे वीज परत नेणाऱ्या तारेचा, स्क्रू ढिला होता, त्याच्याभोवतीचे प्लास्टिक तपकिरी होऊन फुगले होते आणि वायरचे आवरण बोट लावताच खपलीसारखे तुटले. तो म्हणाला की स्क्रू बरेच दिवस ढिला असणार, तापून-निवून सांधा करपत आला असणार आणि वीज परत येतानाच्या कमीजास्त दाबात त्याने दम तोडला. पीन काळी पडली होती का, असे त्याने विचारले, तेव्हा मला घासणी आठवली. काळी पीन हा सॉकेट जळत असल्याचा पुरावा असतो आणि तो मी स्वतःच्या हाताने पुसला होता. तशीच नेली असती, तर केंद्रातल्या कोणाच्या तरी लक्षात आली असती, असे मी अजून मानते.

वायर करपलेल्या भागापर्यंत कापून नवे 16 अँपिअरचे सॉकेट बसवले, मजुरीसह 250 रुपये झाले. सॉकेट आपण स्वतः उघडू नये, आणि वीज गेली की शेगडीची पीन काढून ठेवावी. वीज आल्यावर दहा मिनिटे थांबूनच लावावी. केंद्राने दिलेली 300 रुपयांची पावतीही त्याच गुळगुळीत कागदावर होती. तिची झेरॉक्स मी त्याच दिवशी, बस लागण्यापूर्वी, स्थानकासमोर काढून घेतली.