हात लुळा पडलाय? मालिशमध्ये महिने घालवू नका

आज ओपीडीत पुन्हा तेच. वर्धा रोडवर दुचाकीचा अपघात, खांदा उचलत नाही, कोपर वाकत नाही, बोटं मात्र चालतात. आणि सगळा मोलाचा काळ मालिशमध्ये गेलेला. फार वाईट वाटतं.

अशा अपघातात मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांना (मज्जातंतूंना) इजा होते. इजा झालेली नस दिवसाला जेमतेम १ मिलीमीटर वाढते. वर्ष-दीड वर्ष नसेविना राहिलेला स्नायू सुकतो, मग जोडणी कितीही चांगली झाली तरी तो उठत नाही. म्हणून अपघातानंतर ३-४ आठवड्यांनी ईएमजी (नस-स्नायूंची विद्युत तपासणी) करा. ३ महिन्यांत हालचाल नसेल तर ऑपरेशनचं ठरवा, शक्यतो ६ महिन्यांच्या आत.

बोटं चालत असतील तर ओबर्लिन पद्धतीचं ऑपरेशन छान: हाताच्या पंजाकडे जाणाऱ्या, शाबूत असलेल्या अल्नर नसेतला एक बारीक जुडगा वेगळा करून बायसेप्सच्या (कोपर वाकवणाऱ्या दंडाच्या स्नायूच्या) नसेला शिवतात. मायक्रोस्कोपखाली, केसाहून बारीक धाग्याने, जराही ताण न देता. ताण राहिला की जोड फसतो. जोड स्नायूलगत असल्याने काही महिन्यांत स्नायूत फुरफुर दिसू लागते. सुरुवातीला कोपर वाकवताना मूठही आवळावी लागते, घाबरू नका.

तोवर घरच्यांनी खांदा, कोपर, बोटं रोज हलवून द्यायचीच. सांधे आखडले तर परत आलेली ताकदही वाया जाते.