बाजूला ठेवलेला आदेश

न्यायालयीन कागदपत्रांचा इंग्रजीतून मराठीत अनुवाद करणे हे माझे काम आहे. बरेचसे ठरीव असते. बाहेरच्यांना वाटते की अवजड लॅटिन शब्द आम्हाला छळत असतील. पण त्यांचे प्रतिशब्द केव्हाच ठरलेले आहेत. खरा घाम फोडतात ती लहान क्रियापदे, आणि त्यांत 'सेट' सर्वांत अधिक.

गेल्या महिन्यात एक वयस्कर गृहस्थ आमच्याकडे आले. त्यांच्या हातात अपिलाच्या निकालाचा आम्हीच दिलेला अनुवाद होता आणि एका ओळीखाली त्यांनी पेन्सिलीने दोनदा रेघ ओढली होती: 'खालच्या न्यायालयाचा आदेश बाजूला ठेवण्यात येत आहे.' तो आदेश त्यांना राहते घर रिकामे करायला लावणारा होता.

"ताई, बाजूला ठेवला म्हणजे पुन्हा कधीतरी बाहेर काढणार ना?" त्यांनी विचारले.

ही टांगती तलवार नको म्हणून समोरच्या पक्षाशी तडजोड करून घर सोडण्यास ते तयार झाले होते. केवळ सही राहिली होती. मूळ इंग्रजीत 'सेट असाइड' होते, म्हणजे आदेश रद्द झाला होता. ते अपील जिंकले होते आणि आमच्या मराठीने त्यांना हरवले होते.

मी 'रद्दबातल' असेच लिहिले होते. परंतु त्याच निकालात दुरुस्तीसाठी काही रक्कम 'सेट असाइड' करण्याचे निर्देश होते आणि तेथे मी 'बाजूला काढून ठेवावी' असे लिहिले होते. आमची संगणकप्रणाली एका इंग्रजी शब्दाला दोन मराठी शब्द दिसले की लाल खूण करते, आणि सर्व खुणा मिटल्याखेरीज काम पुढे जात नाही. तपासणाऱ्या सहकाऱ्याने दोन्हीकडे 'बाजूला' करून खुणा मिटवल्या. तो कष्टाळू आहे, पण त्याने खूण पाहिली, वाक्य वाचले नाही. अंतिम प्रत मीही पाहिली नाही, हे मला अजून सलते.

नामांसाठी हा नियम उत्तम आहे. क्रियापदांसाठी तो घातक आहे. 'सेट' हे मुळात 'सिट'चे प्रयोजक रूप, जसे आपल्या 'बसणे'चे 'बसवणे'. म्हणून हिरा कोंदणात बसवला जातो, मोडलेले हाड बसवले जाते, तेथे दोन्ही भाषा हातात हात घालून चालतात. पण सूर्य मावळतो, काँक्रीट घट्ट होते, गजर लावला जातो, प्रश्नपत्रिका काढली जाते, सुनावणीची तारीख नेमली जाते, कैदी मोकळा केला जातो: इंग्रजीत सगळीकडे 'सेट', मराठीत दर वेळी निराळे क्रियापद. पुढे 'ऑफ' जोडले की त्याचा अर्थ प्रवासाला निघणे होतो, सुरुंग उडवणे होतो आणि कायद्यात परस्परांच्या देण्यांची वजावटही होतो. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९ च्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद याच शब्दाची होती, सुमारे ६०,००० शब्दांची. त्याला एका प्रतिशब्दात कोंबू पाहणारी प्रणाली ज्यांनी आणली, त्यांनी अनुवादकाला एकदा तरी विचारायला हवे होते.

त्या गृहस्थांना आम्ही त्याच दिवशी दुरुस्त प्रत दिली. 'रद्दबातल' या शब्दावर त्यांनी बराच वेळ बोट ठेवले होते.

आता मी जुन्या संचिका रोज थोड्या चाळते. 'बाजूला ठेवण्यात' असलेली आणखी तीन वाक्ये सापडली: दोन रकमेविषयी, एक आदेशाविषयी. त्या पक्षकाराला आज पत्र पाठवले आहे.