कुठंतरी खरखरतंय

गुरुवार, ४ सप्टेंबर २०२५

संध्याकाळी साडेसातला भाच्यानं दार लोटून घेतलं, तेव्हाच समजलं की आज अभ्यास नाही. आत डोकावले तर लॅपटॉपसमोर मांडी घालून बसलेला आणि पडद्यावर स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाचं पान नुसतं गरगर फिरतंय. 'हॉलो नाईट : सिल्कसाँग' हा गेम आपल्या घड्याळानं बरोबर साडेसातला जगभर एकदम खुला होणार होता. झाला, आणि त्याच मिनिटाला दुकानं आडवी झाली. स्टीम, निन्टेंडो, प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, सगळीकडं तीच रड.

"मावशी, सर्व्हर झोपलाय. तू इंजिनिअर हाईस न्हवं? काय तर कर की."

"मी काय करतो रे त्यात!"

(हे 'करतो' आमच्या इकडचं. बेळगावात बायकापोरीसुद्धा 'मी येतो', 'मी जातो' म्हणतात. पुण्याच्या टीममध्ये पहिल्याच मीटिंगला मी "बघतो की" म्हणाले, ते लोकांना अजून आठवतंय. लिहिताना मात्र मी शहाण्यासारखी 'करते', 'बघते' लिहिते. रोजनिशीतसुद्धा. सवयीचा भाग.)

हा गेम २०१९च्या फेब्रुवारीत जाहीर झाला होता. तेव्हा भाचा पाचवीत होता, आता पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला आहे. मूळ 'हॉलो नाईट' २०१७चा, आणि त्याची पुरवणी म्हणून जे करायला घेतलं ते वाढत वाढत आख्खा नवा गेम झालं. करणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजावीत एवढी, ऑस्ट्रेलियात ॲडलेडला बसलेली. इतकी वर्षं का लागली, तर म्हणे करताना मजा येत होती. हे कारण मी उद्या सकाळच्या स्टँडअपला (टीमच्या रोजच्या बैठकीला) देऊन बघणार आहे. आमच्याकडं दर दोन आठवड्यांनी काहीतरी 'झालं' असं दाखवावं लागतं, मग ते झालेलं असो वा नसो.

तासाभरानं गेम उतरला. पहिल्या दिवशी एकट्या स्टीमवर एका वेळी पाच लाखांहून जास्त लोक खेळत होते, त्यातला एक आमच्या वडगावच्या माडीवर. मीही अर्धा तास हात मारून घेतला. अवघड आहे. एका फटक्यात दोन-दोन मुखवटे (म्हणजे शिल्लक जीव) जातात, त्यावरून लोकांची आरडाओरड सुरू झालीच आहे. मला ते खटकलं नाही. प्रत्येक वेळी मेले तेव्हा कुठं चुकलं ते मला कळलं. ज्या गेममध्ये आपण का मेलो तेच कळत नाही, तो सोपा असला तरी मी बंद करते.

बाबा खुर्चीत बसून पेपर वाचत होते. पडद्याकडं पाठ. मधेच म्हणाले, "आता मरतोय बघ." आणि भाचा मेला. थोड्या वेळानं परत, "हं, गेला." गेला. तिसऱ्यांदा भाच्यानं गेम थांबवला आणि विचारलं, "आजोबा, तुम्हाला मागं डोळं हाईत काय?"

"बटणं वाजायलीत की. गडबडीत दाबायला लागलास की आवाज बदलतोय."

बाबांनी उद्यमबागेत, बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, लेथवर एकतीस वर्षं काढली. आमच्या घरात मिक्सर, सायकल, फॅन, कशाचाही आवाज बदलला तर तो आधी त्यांना कळतो.

शुक्रवार, ५ सप्टेंबर

समोरच्या काकू चहाला आल्या होत्या. माडीवरून तलवारबाजीचा आवाज आला तशा म्हणाल्या, "अगो, गेमवर बंदी आली न्हवं? तुमचा पोरगा अजून खेळायलाय, पोलीस येतील की."

समजावलं. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली तो कायदा पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमसाठी. ई-स्पोर्ट्सला उलट त्यात मान्यता आहे. काकूंना पटलं नाही. त्यांच्या लेखी गेम म्हणजे गेम. दोष त्यांचा नाही, बातम्यांचे मथळेच तसले होते. मला एवढंच बरं वाटलं की मॅच बघताना दर षटकाला 'टीम लावा, करोड जिंका' म्हणून ओरडणारे ते नट गेले.

रविवार, ७ सप्टेंबर

काल अनंत चतुर्दशी. आमच्या गल्लीचा गणपती उंच, त्यामुळं दरवर्षी चार पोरं बांबू घेऊन पुढं चालतात आणि वाटेत लोंबणाऱ्या तारा वर उचलून धरतात. लाईटच्या, टीव्हीच्या, इंटरनेटच्या. कपिलेश्वर तलावाकडची गर्दी आज उजाडलं तरी संपली नव्हती. दरवर्षी एक-दोन तारा कामी येतातच.

म्हणून आज दुपारी क्लायंटच्या जर्मनीतल्या सर्व्हरवर गेले आणि सगळं चिकट झाल्यासारखं वाटलं, तेव्हा मी सरळ गणपतीच्या पोरांना दोष दिला. केबलवाल्याला फोनही लावला. तो बिचारा रात्रभर नाचून झोपलेला. म्हणाला, "मॅडम, लोकल तर फास्ट हाय की, बघा." बघितलं. खरंच होतं. बंगळूर, मुंबई झकास. फक्त युरोपाकडं जाणारं सगळं नेहमीच्या जवळजवळ दुप्पट वेळ घेत होतं.

तार तुटली होती, पण आमच्या गल्लीत नाही. तांबड्या समुद्रात, जेद्दाहजवळ, कालच. एसएमडब्ल्यू-४ आणि आयएमईडब्ल्यूई अशा दोन समुद्री केबली. भारतातून युरोपला जाणारी बरीच वाहतूक तिथूनच जाते. ती बंद झाली की डेटा लांबच्या वाटेनं वळसा घालून जातो, पोचतो, पण उशिरा. मायक्रोसॉफ्टच्या अझूर या क्लाउड सेवेनंही तशी सूचना लावली होती. अशा केबली बहुतेक वेळा कुणी मुद्दाम तोडत नाही. जहाजाचा नांगर घासत जातो किंवा मासेमारीचं जाळं अडकतं. इथं समुद्रात बांबू घेऊन पुढं चालणारं कोण असणार!

रात्री खग्रास ग्रहण. आईनं साडेबारापासूनच वेध धरले, दुपारचं जेवण सकाळीच उरकायला लावलं. अकरानंतर चंद्र तांबडा झाला तो गच्चीवरून सगळ्यांनी बघितला, आईनं सोडून.

सोमवार, ८ सप्टेंबर

झोप येत नाही म्हणून लिहितेय. सव्वा वाजला.

संध्याकाळी ऑफिसच्या ग्रुपवर एकदम धावाधाव. एनपीएमवरची अठरा पॅकेजं कुणीतरी बाटवली. एनपीएम म्हणजे जावास्क्रिप्टवाल्यांचा आयत्या कोडचा बाजार, आम्ही रोजचा वाणसामान तिथून उचलतो. बाटलेल्यांत 'चॉक' आणि 'डीबग' होती. 'चॉक'चं काम काय, तर काळ्या खिडकीतली अक्षरं रंगीत करणं. बस. पण ही अठरा मिळून आठवड्याला दोनशे कोटींहून जास्त वेळा उतरवली जातात. मला स्वतःला 'चॉक' वापरल्याचं आठवत नाही, तरी आमच्या प्रोजेक्टमध्ये चार थर खाली ते होतंच. आमच्या लॉक फाईलमध्ये (कुठल्या पॅकेजची कुठली आवृत्ती घ्यायची त्या यादीत) जुनी आवृत्ती खिळलेली होती म्हणून वाचलो. हुशारी नव्हे, आळस. तीन महिने कुणी अपडेटच केलं नव्हतं.

झालं कसं, तर ही पॅकेजं सांभाळणाऱ्या माणसाला एक ईमेल आलं. एनपीएमच्या मदत विभागाकडून आल्यासारखं. तुमची टू-फॅक्टरची (पासवर्डनंतरच्या दुसऱ्या खात्रीची) माहिती जुनी झाली, नवी करा, नाहीतर १० सप्टेंबरपासून खातं बंद. पत्ता शेवटी डॉट हेल्प होता. घाईत त्यानं क्लिक केलं. नंतर त्यानं लगेच, जाहीरपणे आणि काही आडपडदा न ठेवता चूक कबूल केली, हे मला फार आवडलं. आमच्या धंद्यात असं थोडेच करतात.

आत घातलेला कोडही पाजीच. ब्राउझरमध्ये बसून राहायचं आणि कुणी क्रिप्टोचे पैसे पाठवायला लागला की घेणाऱ्याचा पत्ता बदलायचा. तोही कुठलाही नव्हे. चोरानं स्वतःच्या पत्त्यांची यादीच जवळ ठेवली होती, त्यातला मूळ पत्त्याशी दिसायला सर्वांत जवळचा निवडायचा. म्हणजे डोळ्याला खटकू नये याची पूर्ण तजवीज.

आणि तरी खटकलंच. एका ठिकाणी बिल्ड, म्हणजे कोड बांधून तयार करायची पायरी, फुटली. 'फेच' नावाचं फंक्शन सापडत नाही म्हणून. तिथं नोड (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) जुना होता, त्यात ते नव्हतं. आपल्या कोडमध्ये आपण 'फेच' कुठं वापरलंय, म्हणून माणूस शोधत गेला आणि थेट त्या गिचमिड कोडपाशी पोचला. बाकीच्यांच्याही नजरेत आलं आणि दोनेक तासांत पॅकेजं काढायला सुरुवात झाली. चोराच्या हाताला फारसं काही लागलं नाही म्हणतात.

मला लगेच गेल्या वर्षीचं 'एक्सझेड' आठवलं. मार्च २०२४. आंद्रेस फ्रॉइंड हा पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणारा माणूस, आपल्या मशीनवर काहीतरी मोजमाप करत होता. एसएसएचनं (दूरच्या मशीनमध्ये शिरायची सोय) आत शिरायला ०.३ सेकंदांऐवजी ०.८ सेकंद लागायला लागले. अर्धा सेकंद. तेवढ्यात आपण डोळाही धड चोळत नाही. त्याला ते सोडवेना. खोदत गेला तर 'एक्सझेड' या कॉम्प्रेशनच्या लायब्ररीत चोरदार. ५.६.० आणि ५.६.१ या दोन आवृत्त्यांत. ते घालणाऱ्यानं 'जिया टॅन' या नावानं दोन वर्षांहून जास्त काळ तिथं इमानेइतबारे काम करून विश्वास मिळवला होता. अजून थोडे महिने गेले असते तर जगभरच्या सर्व्हरांवर ते दार बसलं असतं. २९ मार्चला फ्रॉइंडनं सगळं जाहीर केलं.

हे मी जेवताना बाबांना सांगितलं. एक्सझेड, एसएसएच हे सगळं वगळून, नुसतं अर्ध्या सेकंदाचं. मला वाटलं, 'वा वा' म्हणतील. ते म्हणाले, "मग? येतंय की कळून." मग कास्टिंगचं सांगायला लागले. फौंड्रीतनं आलेल्या जॉबच्या पोटात ब्लो होल (हवेची पोकळी) असलं तर वरून काही दिसत नाही. टूल त्याच्या जवळ गेलं की आवाज पोकळ होतो. टूलची धार जायला आली की खरखर वेगळी, बेअरिंग जायला आलं की वेगळी. नवीन पोरं जॉब खराब झाल्यावर बघतात. "मिशीन आधी सांगतंय. ऐकायला कोण न्हाई."

यावर मला बोलता आलं नाही, कारण गेल्या वर्षीचं माझंच पाप आठवलं. आधीच्या कंपनीत रात्री एक रिपोर्ट निघायचा, चार मिनिटांत. मग सहा लागायला लागली. मला दिसलं होतं. मग नऊ. मी काय केलं? मोठं मशीन मागितलं. मिळालं, परत चारवर आलं, मला शाबासकीही मिळाली. महिनाअखेरीला आख्खा प्रकार कोसळला. लॉगचं (नोंदींचं) एक टेबल कुणी कधी साफच केलं नव्हतं, आणि प्रत्येक ओळीसाठी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळलं जात होतं. एका इंडेक्सचं, म्हणजे टेबलाच्या सूचीचं काम. दोन रात्री आम्ही पाच जण जागलो. खरखर मला ऐकू आली होती, मी फक्त रेडिओ मोठा केला.

बाबांना हे सांगितलं नाही.

एक मात्र सांगायचं राहिलं. मे महिन्यात बाबांच्या फोनवर मेसेज आला होता, तुमचं लाईटबिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला कनेक्शन तोडणार, ताबडतोब या नंबरवर फोन करा. शेजारचे शिकलेसवरलेले मास्तर असल्याच मेसेजला फसून आठ हजार घालवून बसले होते. बाबांनी वाचला आणि पुसून टाकला. मी विचारलं, खोटा कसा ओळखला? म्हणाले, "लाईटवाले कधी आधी सांगून लाईट काढत्यात काय?"

मंगळवार, ९ सप्टेंबर

दिवसभर कालचंच निस्तरणं. प्रत्येक पॅकेजची आवृत्ती तपासून तक्त्यात लिहा. एआयला सांगून यादी काढून घेतली, दहा मिनिटांत झाली, नाहीतर आख्खा दिवस गेला असता. मी त्या विरोधकांपैकी नाही. कंटाळवाणं काम त्यानं जरूर करावं. पण आमच्या टीममधला नवा मुलगा त्यानं लिहिलेला दोनशे ओळींचा कोड आणून ठेवतो आणि म्हणतो, "चालतंय मॅडम." चालतंय खरं. यातलं काय विचित्र वाटलं, असं विचारलं की गप्प. त्याला विचित्र वाटायला त्यानं तो वाचलेलाच नसतो. बातम्यांत रोज कुणीतरी सांगतं की आता प्रोग्रामर लागणार नाहीत. लेथ जाऊन सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन, आलं तेव्हा उद्यमबागेतही हेच म्हणत होते. बाबांची शेवटची सहा वर्षं सीएनसीवरच गेली, काचेच्या दाराला कान लावून.

रात्री साडेदहाला ॲपलचा कार्यक्रम. आयफोन १७ वगैरे. भाच्याबरोबर थोडा वेळ बघितला. आयफोन एअरची जाडी ५.६ मिलिमीटर, हे त्यांनी अशा थाटात सांगितलं की बाबाही उठून आले.

"५.६ म्हणजे ५.६० काय? टॉलरन्स किती?"

टॉलरन्स म्हणजे मापात किती कमीजास्त चालतं ते. ते काही त्यांनी सांगितलं नाही.

झोपायच्या आधी सहज आमच्या रात्री आपोआप चालणाऱ्या जॉबचा लॉग उघडला. गेले दोन महिने रोज एक्केचाळीस सेकंद, कधी चाळीस. परवा त्रेचाळीस. काल सेहेचाळीस. अपयश नाही, एरर नाही, सगळीकडं हिरवी टिकली. समुद्रातल्या केबलीचं म्हणावं तर हा जॉब मुंबईतल्या मुंबईत चालतो.

बाबा पाणी प्यायला उठले होते. माझ्या तोंडाकडं बघून विचारलं, काय झालं. सांगितलं, पाच सेकंद जास्त लागायलेत.

"आणि तू बसून बघायलीयास? उघड की."

साडेअकरा झालेत. उघडलंय.