एस्टीमचं इंधनाचं प्रेशर: २.९ वरून ३.४ बारपर्यंत

मागच्या वेळी वाइडबँड (धुरातला ऑक्सिजन बघून हवा-इंधनाचं प्रमाण सांगणारा मीटर) बसवून थांबलो होतो. आधी तेव्हाचे आकडे सांगतो, म्हणजे पुढची खटपट कशासाठी ते कळेल. गाडी २००३ची मारुती एस्टीम, १.३ लिटरचं सोळा व्हॉल्व्हचं एमपीएफआय इंजिन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला पेट्रोल फवारणारा वेगळा इंजेक्टर. इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीच्या, म्हणजे रेलच्या टोकाला प्रेशर राखणारा रेग्युलेटर, तिथून उरलेलं पेट्रोल टाकीकडे नेणारी रिटर्न लाइन. निवांत चालवताना लॅम्डा (१.०० म्हणजे इंधनाला लागते तेवढीच हवा, त्याखाली म्हणजे इंधन जास्त) १.००च्या आसपास हेलकावे खातो, तिथे काही तक्रार नाही. तिसऱ्या गिअरला पाय पूर्ण दाबला की मात्र ०.९४. मला तिथे ०.८७ हवा.

दोष गाडीचा नाही, पंपावर आता मिळतं त्या पेट्रोलचा आहे. नुसत्या पेट्रोलच्या एका किलोला १४.७ किलो हवा लागते, २० टक्के इथेनॉलवाल्याला साधारण १३.६. म्हणजे तेवढ्याच हवेला ८ टक्के इंधन जास्त पाहिजे. एरवी ऑक्सिजन सेन्सर चुगली करतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, भरपाई करून टाकतो. पूर्ण थ्रॉटलला तो सेन्सरचं ऐकतच नाही, स्वतःच्या जुन्या हिशोबाने इंजेक्टर उघडतो, आणि तो हिशोब २००३चा. (वाइडबँडवर १४.७वाला आकडा बघत बसू नका. पेट्रोलमधलं इथेनॉल वाढलं तरी मीटरला ते कळत नाही. लॅम्डा लावा आणि तोच वाचा.)

ईसीयूत हात घालायचा नव्हता, म्हणून प्रेशर. इंजेक्टरमधून जाणारं इंधन प्रेशरच्या वर्गमुळाने वाढतं. ८ टक्के हवं तर १.०८चा वर्ग, म्हणजे १.१७ पट. माझं मूळ प्रेशर व्हॅक्यूमचा पाइप (मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनच्या हवेच्या वाटेतून रेग्युलेटरला येणारा) काढून २.९ बार भरलं. २.९ गुणिले १.१७, झाले ३.४. एवढंच गणित. जे लोक ‘पाच बार करून टाक’ म्हणतात त्यांनी एकदा वर्गमूळ काढून बघावं: इंधन वाढेल ३० टक्के आणि म्हाताऱ्या पंपाचा जीव जाईल.

आता रेग्युलेटर. ॲडजस्टेबल मिळतो तो सुटा, पाइपवाला. एस्टीमचा मूळचा रेलमध्ये घुसतो, दोन बोल्ट आणि एक ओ-रिंग. मधला अडॅप्टर बनवायला जालन्यात एमआयडीसीतल्या ओळखीच्या लेथवाल्या मामांकडे गेलो. त्यांनी नमुना हातात फिरवून बघितला.

“काय बनवायलात हे? फवारणीच्या पंपाचं हाय का?”

“नाही मामा, गाडीचं. पेट्रोल जाणार यातून.”

“मग आधी पैसे द्या, नंतर काय व्हायचं ते होऊ द्या.”

पीस झकास आला, पण ओ-रिंगची खाच बरोबर अडीच मिमी खोल. रिंगही अडीचचीच. मग ती दाबली जाणार कशी? चूक माझी, कागदावर खोली मीच लिहून दिली होती. दुसऱ्या पीसला दोन मिमी ठेवली, तेव्हा रिंग बोटाला किंचित वर लागायला लागली. रिंग घेतानाही काळी नायट्राइलची घेऊ नका, इथेनॉलमध्ये फुगते. हायड्रॉलिक्सच्या दुकानात व्हायटॉनची मागा, थोडी महाग पडते. पाइपचंही तेच. जुना पाइप वाकवला तर बाहेरून बारीक भेगा दिसल्या, तोही बदलला. आणि आटे पाडलेल्या साध्या पट्टीच्या क्लिपा रबर कापतात, इंजेक्शनच्या लाइनला गोल काठाच्याच लावा.

बसवणं रविवारी सकाळी सहाला सुरू केलं. मे महिना, पत्र्याचं शेड. नऊनंतर पाना हातात धरवत नाही. पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवलं, बॅटरीची निगेटिव्ह काढली. तरी बोल्ट सैल करताना फडक्यात अर्धा कप पेट्रोल आलंच. अग्निशामक शेजारी ठेवला होता. आणि शेजारचे काका बिडी घेऊन गप्पा मारायला आले, त्यांना आधी रस्त्याच्या पलीकडे नेऊन बसवलं.

पहिल्यांदा चालू केली तर ४.२ बार. स्क्रू पूर्ण मागे घेतला, तरी ४.२. मला वाटलं रेग्युलेटर गेला. त्याच्यावर फुकट आलेला छोटा गेज ३.६ दाखवत होता. तो खोटा निघाला, पण त्या वेळी त्याने डोकं अजून फिरवलं. ग्लिसरीनचा वेगळा गेज टी लावून जोडला होता म्हणून निभावलं. अर्धा तास गेल्यावर बॅटरीच्या ट्रेमागे हात घातला, तर नवा रिटर्न पाइप तिथे चपटा झालेला. परत जायला वाटच नाही तर स्क्रू बिचारा काय करणार? पाइप मोठ्या वळणाने फिरवला, काटा लगेच २ बारच्या खाली आला आणि स्क्रूच्या हुकमात आला.

सेटिंग इंजिन चालू ठेवून, व्हॅक्यूमचा पाइप काढून, त्याचं तोंड बंद करून. पाव फेरी घट्ट, थांबा, बघा. ३.४ला लॉकनट आवळला तर ३.५ झालं, कारण नटाबरोबर स्क्रूही फिरतो. ॲलन की धरून पुन्हा. मग व्हॅक्यूम जोडला, आयडलला २.८. पूर्वी २.३ यायचे, म्हणजे फरक तेवढाच राहिला. तो पाइप जोडायला विसरलात तर आयडलला इंजेक्टर गरजेपेक्षा जास्त पाजत राहतील.

संध्याकाळी मंठा रोडला गेलो. भाचा शेजारी, गेज वायपरपाशी काचेला बाहेरून टेपने चिकटवलेला, भाच्याच्या मोबाइलवर त्याचा व्हिडिओ. मोकळा रस्ता बघून दुसऱ्या गिअरलाच ओढली, आकड्यांना तेवढं पुरतं. ४,००० आरपीएमला लॅम्डा ०.८७. मी मनातल्या मनात पेढे वाटले. ५,५०० ओलांडले आणि ०.९१. व्हिडिओ बघितला तर तिथे काटा ३.४वरून ३.१ला उतरलेला. पूर्ण थ्रॉटलला मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम जवळपास नसतो, म्हणजे काटा हलायचं कारण नाही. पंप पुरवठा करत नव्हता.

पुढच्या रविवारी मागची सीट उचलली. पंपाची टाकीतली जाळी तपकिरी चिखलाने भरलेली होती. नवी जाळी, नवा फिल्टर. आता वरपर्यंत ३.३५ टिकतंय आणि लॅम्डा ०.८८च्या वर जात नाही.

शहरात फरक काय, विचाराल तर शून्य. तिथे ईसीयू सेन्सरकडे बघून पूर्वीही जुळवत होता, आताही जुळवतो. जुन्या ऑक्सिजन सेन्सरला मल्टीमीटर लावून पाहिलं, ०.१ ते ०.९ व्होल्ट तसाच झोके घेतोय. ॲव्हरेजही तेच. पीयूसी पास झाली.

उरलंय ते एकच. दुपारी गरम गाडी वीस मिनिटं उभी केली की सुरू व्हायला चार-पाच सेकंद स्टार्टर मारावा लागतो. हे पूर्वीही होतं, फक्त आता गेज आहे. बंद केल्यावर दहा मिनिटांत २.८चं ०.६ होतं. रिटर्नचा रबरी पाइप चिमट्याने दाबून पाहिला, तरी तसंच उतरतंय, म्हणजे रेग्युलेटर निर्दोष सुटला. संशय पंपातल्या चेक व्हॉल्व्हवर, नाहीतर एखादा इंजेक्टर गळतोय. येत्या रविवारी रेल वर उचलून चारही इंजेक्टरखाली कोरडा कागद ठेवणार आहे.