तुम्ही विचारलंत म्हणून: पन्हाळ्यावरची दोन कणसं

"मॅडम, खरं सांगा, त्या गोऱ्या पोरांबरोबर हिंडत होता तेव्हा किती जणांना बाटवलंत?" हा प्रश्न मला स्टाफरूममध्ये विचारलाय, लग्नाच्या पंगतीत विचारलाय आणि एकदा तर दाताच्या डॉक्टरांनी, माझं तोंड उघडं असताना. चर्चमधली माणसं दुसऱ्या टोकानं येतात. "बाई, एवढं चांगलं इंग्रजी तुमचं, दुभाषी म्हणून जायचं का सोडलंत?" आजवर दोघांनाही हसून टाळलं. आता निवृत्त झाले, हसायचाही कंटाळा आलाय.

आकडा आधीच सांगते, म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय त्यांची सुटका. एक. एक बाई. आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

2016 चा जुलै. अमेरिकेतल्या एका कॉलेजची बारा मुलंमुली दहा दिवसांसाठी आली होती. बोर्डिंगच्या मुलींना इंग्रजी शिकवायचं, खोल्यांना रंग काढायचा, गाणी म्हणायची. व्हिसा पर्यटकाचा. त्यावर धर्मप्रचार करता येत नाही, मिशनरी व्हिसा वेगळा असतो, हे त्यांच्या प्रमुखांनी पहिल्याच संध्याकाळी बजावलं होतं. कुणी आपणहून म्हटलं तरच प्रार्थना करायची. मुलांनी माना डोलावल्या. एकोणीस वर्षांच्या पोरांनी मान डोलावली म्हणजे काय, हे तीस वर्षं खडू झिजवलेल्या बाईला कळायला हवं होतं.

मधल्या सुट्टीच्या दिवशी बोर्डिंगच्या मुलींसकट सगळ्यांना घेऊन पन्हाळ्याला निघालो. बसमध्ये मी त्यांना रॉबर्ट वाइल्डरची गोष्ट सांगितली. बाप रॉयल वाइल्डर 1852 मध्ये मिशनरी म्हणून कोल्हापुरात आला, मुलगा 1863 मध्ये इथंच जन्मला. हाच पोरगा पुढं अमेरिकेत कॉलेजात गेला आणि 1886 च्या उन्हाळ्यात माउंट हर्मनच्या शिबिरात शंभर विद्यार्थी परदेशी मिशनला जायला तयार झाले, त्यात त्याचा मोठा हात होता. म्हणजे विद्यार्थ्यांनी मिशनसाठी समुद्र ओलांडायचं जे खूळ (बसमध्ये मी 'खूळ' म्हटलं नाही), त्याला जोर लावणारा आमच्या गावात जन्मलेला. "तुम्ही इथं आला नाहीत, परत आलात," असं मी ऐटीत म्हटलं. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांचा मला आनंद झाला होता, हे लपवत नाही.

गडावर धुकं असं की सज्जाकोठीतून खालचं काही म्हणजे काही दिसेना. आमच्या मुलींनी त्यांना ओल्या गवतात फुगडी शिकवली. एक सहा फुटी पोरगा गरगरून असा आपटला की अंधारबावीपर्यंत लंगडत आला. शिवा काशीदांच्या पुतळ्यापाशी आमच्या सातवीतल्या मुलीनं 1660 चा वेढा, सिद्दी जौहर, पालखी, सगळं हातवारे करून सांगितलं. राजांसारखा दिसणारा माणूस राजांच्या जागी पालखीत बसला आणि मारला गेला, हे मी इंग्रजीत सांगताच त्यांच्यातली एक लालसर केसांची पोरगी माझा दंड धरून म्हणाली, "दुसऱ्याच्या जागी मेला! ही तर येशूचीच गोष्ट आहे!" माझ्या कपाळाची शीर उडाली. शिवा काशीद म्हणजे शिवा काशीद. त्यांना तुमच्या प्रवचनाचा दाखला करू नका, असं ओठांवर आलं होतं. गिळलं. कारण संडे स्कूलमध्ये हाच दाखला मी स्वतः दोनदा दिलाय.

मग पाऊस आला आणि आम्ही तीन दरवाजाजवळ एका कणीसवाल्या मावशींच्या प्लास्टिकच्या कागदाखाली शिरलो. मावशी सत्तरीच्या. डावा गुडघा सुजून नारळाएवढा झालेला, त्याला जुन्या लुगड्याची पट्टी बांधलेली. पाय लांब करून बसल्या होत्या, एका हातानं पुठ्ठ्यानं निखाऱ्यांना वारा, दुसऱ्या हातानं कणीस फिरवणं. त्या पोरीचे डोळे गुडघ्यावर खिळले. "मी यांच्यासाठी प्रार्थना करू का, विचाराल?"

मी विचारलं, "मावशी, ही पोरगी म्हणतीय, तुमच्या गुडघ्यासाठी देवाकडं मागणं करू काय?"

"कर म्हणावं की. देव काय कुणाच्या सातबाऱ्यावर हाय व्हय."

पोरगी चिखलात गुडघे टेकून बसली, त्या पट्टीवर हात ठेवला आणि डोळे मिटून बोलायला लागली. मी वाक्यावाक्याला मराठी करत होते. तिनं "प्रभू येशू" म्हटलं, मी "देवा" म्हटलं. पुन्हा म्हटलं, मी पुन्हा "देवा". तिसऱ्यांदाही. पलीकडं दोन पोरं आमच्यावर मोबाईल रोखून उभी होती. माझ्या पाठीतून घाम उतरत होता, जुलैच्या पावसात.

आमेन झालं. पोरीनं डोळे उघडले, ते भरलेले होते. म्हणाली, "यांना विचारा, येशूचा स्वीकार करायची यांची इच्छा आहे का?"

मी मावशींकडं वळले आणि विचारलं, "दोन कणसांचे चाळीस झाले न्हवं?"

मावशींनी जोरात मान हलवली. "व्हय, व्हय. चाळीसच."

पोरगी मावशींच्या गळ्यात पडली. मावशींनीही तिच्या पाठीवर थापटलं, निखारे सांभाळत. कणसाचे एवढे लाड करणारं गिऱ्हाईक त्यांनी पाहिलं नसावं.

ती मोबाईलवाली पोरं मग आमच्यापाशी आली. "मॅडम, तुमच्या फॉरेनरबरोबर एक सेल्फी मिळंल काय?"

रात्री जेवणानंतरच्या बैठकीत तिनं सगळ्यांसमोर सांगितलं. मुलं रडली, गायली. कुणीतरी वहीत लिहून घेतलं. मी बाजूला बसून ऐकलं आणि गप्प राहिले. येशूच्या शिष्यानं, पेत्रानं, त्याला ओळखत नाही म्हणून तीनदा नाकारलं तेव्हा कोंबडा आरवला होता. मला त्या दिवशी कोंबडा भेटला तो ताटात, तांबड्या रश्श्यात.

आता तुम्ही म्हणाल, बरोबरच केलंत. व्हिसाचा नियम होता, म्हाताऱ्या बाईला पेचात टाकायचं नव्हतं. बरीच वर्षं मीही स्वतःला हेच सांगितलं. वर आणखी एक जोडलं होतं: आमच्या घरात आजी टाळ घेऊन ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं म्हणायची, देवाला देवा म्हणायला आम्हाला अमेरिकेनं शिकवलेलं नाही, मग "देवा" हे चुकीचं भाषांतर कसं? झकास युक्तिवाद आहे. फक्त त्या क्षणी माझ्या डोक्यात टिळक नव्हते, मोबाईल होता. भ्याले मी. पणजोबांपासून ख्रिस्ती असलेल्या बाईला भर गडावर ते नाव तोंडातून काढवेना. आणि भ्यायचं कारण नव्हतंच, असंही मी म्हणणार नाही. ज्यांना पंगतीत कुणी "किती जणांना बाटवलंत" विचारत नाही, त्यांनी मला धीटपणा शिकवू नये.

मग त्या पोरीचं काय? तिला नंतर तरी सांगायला हवं होतं. ती दर नाताळला मेल पाठवते, "माझी कणीसवाली मावशी कशी आहे?" मी लिहिते, बरी आहे. पुढच्या वर्षी दुसरा गट येणार म्हणून बोलावणं आलं तेव्हा घरची अडचण सांगितली. अडचण नव्हती.

त्या पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात मात्र एकटी एस.टी.नं पन्हाळ्याला गेले. मावशी तिथंच होत्या. पट्टी नवी, गुडघा तसाच. दोन कणसं घेतली आणि सांगून टाकलं, "मावशी, मागल्या साली त्या पोरीनं तुम्हाला पैशाचं विचारलं नव्हतं. येशूला मानता का, असं विचारत होती."

मावशींनी कणसाला लिंबू-मीठ चोळलं. चोळून झाल्यावर वर बघितलं.

"मग तू कणसाचं का इचारलंस?"

"म्हटलं, तुम्हाला उगाच कशाला कोड्यात..."

"म्हंजे मी काय म्हटलो असतो, ते तुला आधीच ठावं हुतं व्हय?"

मला उत्तर सुचलं नाही. थोड्या वेळानं मी विचारलं, "काय म्हटला असता?"

"आता कशाला?" त्या म्हणाल्या. "सरक तिकडं, गिऱ्हाईक हाय."