सूर्य कुठे बसतो?

आठवी ‘ब’चा वर्ग जुन्या कौलारू इमारतीच्या टोकाला होता. १९८३ सालचा जुलै महिना. पाऊस असा लागला होता की बाईंचा आवाज ऐकू यावा म्हणून मागच्या दोन बाकांवरची मुलं पुढं येऊन दाटीवाटीनं बसली होती. तास इंग्रजीचा. तेव्हा इंग्रजी पाचवीपासून असे, म्हणजे मुळाक्षरं गिरवून आम्हाला जेमतेम तीन वर्षं झालेली. त्या आठवड्याच्या धड्यात ‘सेट’ हा शब्द तीनदा आला होता आणि तिन्ही वेळा अर्थ वेगळा. आदल्या रात्री मी चुलतभावाची डिक्शनरी मागून आणली आणि त्या एका शब्दाखालचे सगळे अर्थ वहीत उतरवले. पाठ करायचे ठरवलं होतं.

बाईंनी वही हातात घेतली. “किती झाले?”

“सव्वीस.”

“आणि आपल्या ‘बसणे’चे किती होतात रे? मोजलेस कधी?”

पुढची पस्तीस मिनिटं मला आजही जशीच्या तशी आठवतात. बाईंनी खडू घेतला आणि वर्गाला म्हणाल्या, “सांगा, काय काय बसतं.” घसा बसतो. धक्का बसतो. मार बसतो, हे तर चार जण एकदम ओरडले. विश्वास बसतो, गाळ बसतो, दातखीळ बसते, दार घट्ट बसतं, धंद्याचा जम बसतो, हात बसतो. बाजारातून आणलेल्या पोत्याचा भाव किलोला कितीला बसला, हे वाण्याच्या मुलानं सांगितलं. फळा भरला. मग बाई म्हणाल्या, “आता काय काय बसवतात ते सांगा.” गणपती बसवतात. संमेलनाचं नाटक बसवतात. सोनाराच्या मुलीनं सांगितलं, अंगठीत खडा बसवतात. एकाचा हात उन्हाळ्यात मोडला होता, तो म्हणाला, हाड बसवतात. वाडीवरून येणारी एक मुलगी हळूच म्हणाली, कोंबडी अंड्यांवर बसवतात.

बाईंनी फळ्याच्या उजव्या बाजूला एकाखाली एक लिहिलं: सेट अ स्टोन, सेट अ बोन, सेट अ हेन. खडा, हाड, कोंबडी. आमच्याच घरातली तीन वाक्यं इंग्रजीत उभी होती. मग त्यांनी ‘सिट’ आणि ‘सेट’ शेजारी शेजारी लिहिले आणि खाली ‘बसणे’, ‘बसवणे’. ‘फॉल’ म्हणजे पडणे आणि झाड ‘फेल’ करणे म्हणजे पाडणे, हीसुद्धा तशीच जोडी, असं त्यांनी दाखवलं. मराठी शाळेतल्या मुलाला इंग्रजीची भीती वाटते ती बहुतेक अर्थांच्या गर्दीची असते. त्या दिवशी गर्दीतली माणसं ओळखीची निघाली.

पण बाई तिथं थांबल्या नाहीत, आणि म्हणूनच त्यांचं शिकवणं मला आजही मोठं वाटतं. माझ्या वहीतले उरलेले अर्थ त्यांनी वाचून दाखवले. सापळा सेट करतात. आपण सापळा बसवतो का? नाही, लावतो. आग लावतो, गजर लावतो, रोप लावतो, कवितेला चाल लावतो. या सगळ्याला इंग्रजीत ‘सेट’ चालतं. म्हणजे त्यांच्या एका शब्दाला आपली दोन घरं आहेत, बसवणे आणि लावणे. आणि पंगतीत पानं मांडणं, परीक्षेचा पेपर काढणं, यांना आणखी निराळी. “जो अर्थ कुठल्याच घरात जात नाही,” बाई म्हणाल्या, “तेवढाच पाठ करा.” सव्वीसपैकी पाठ करायचे पाच-सहाच उरले.

त्याच महिन्यात बीजगणितात ‘संच’ सुरू झाला होता. इंग्रजीत त्यालाही सेट म्हणतात, हे कुणीतरी विचारलं. बाईंनी सांगितलं की हा शब्द मुळात वेगळा, फक्त रूप सारखं झालं. आणि लगेच फळ्यावर लिहिलं: पावसाची सर, मोत्यांचा सर, गणिताचे सर. तीन शब्द, एकच कपडे. पुढं मला कळलं की टोळी किंवा समूह या अर्थाचा ‘सेट’ जुन्या फ्रेंचमधून लॅटिन ‘सेक्टा’पर्यंत जातो, म्हणजे पंथ, अनुयायांचा गट. नंतर तो आणि बसवण्याचा ‘सेट’ इंग्रजांच्याच तोंडी इतके मिसळले की कपबशीच्या सेटमधला कुठला आणि किती, हे वेगळं काढणं अवघड.

तास संपत आला तेव्हा कोंबडीचं सांगणाऱ्या त्या मुलीनं पुन्हा हात वर केला. “बाई, मग सूर्य सेट होतो म्हणजे तो बसतो का? कुठं बसतो?” आपला सूर्य मावळतो, बुडतो, अस्ताला जातो. बसत नाही. बाई क्षणभर खिडकीकडं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “मला माहीत नाही. तुमच्यापैकी कुणाला सापडलं तर मला येऊन सांगा.” शिक्षकानं भर वर्गात ‘मला माहीत नाही’ म्हणणं मी तोवर ऐकलं नव्हतं.

पुढं इंजिनिअरिंगला कराडला गेलो. तिथल्या प्रयोगशाळेत सिमेंटचा ‘सेटिंग टाइम’ काढताना बाईंचा फळा पहिल्यांदा परत आठवला. विकॅटच्या उपकरणात एक चौरस मिलिमीटर छेदाची सुई असते. सिमेंटच्या ओल्या गोळ्यात ती सोडत राहायची. तळापासून साधारण पाच मिलिमीटरवर ती अडली की पहिला सेट आला. साध्या सिमेंटला आपल्या मानकाप्रमाणे हे तीस मिनिटांच्या आत होता कामा नये आणि शेवटचा सेट सहाशे मिनिटांच्या आत यायला हवा. सिमेंट फार लवकर आळू नये म्हणून कारखान्यातच त्यात जिप्सम दळतात. सोबतच्या मुलांना सेट होणं आणि ताकद येणं एकच वाटे. मला वाटलं नाही. माल बसला म्हणजे मुरला असं थोडंच आहे? ताकद नंतर येत राहते, म्हणून तर आपण रोज पाणी मारतो आणि अठ्ठावीस दिवसांनी ठोकळा फोडून बघतो. बत्तीस वर्षं साइटवर काढली, पण हा फरक मी नव्या पोरांना अजून ‘बसणं’ आणि ‘मुरणं’ असाच समजावतो.

नोकरीच्या निमित्तानं पुण्यात असताना एका ग्रंथालयात ऑक्सफर्डचा मोठा कोश बघायला मिळाला. १९८९ची दुसरी आवृत्ती, वीस खंड. त्यात ‘सेट’चे ४३० अर्थ आणि नुसत्या त्या शब्दाचा मजकूर सुमारे साठ हजार शब्दांचा. (नव्या संपादनात ‘रन’ या क्रियापदानं त्याला मागं टाकलं, ६४५ अर्थांनी.) मी सुट्टीच्या दिवशी तिथं जाऊन बसू लागलो. ‘सेट’चा मूळ अर्थ खरोखरच ‘बसायला लावणे’. आणि ‘सिट’चं मूळ आपल्या संस्कृत ‘सद्’ धातूशी एक. सदन, संसद, गुरूजवळ बसून घेतलेली उपनिषद, सगळी त्याच घरातली. पक्षी जिथं बसतो ते ‘नीड’ आणि इंग्रजी ‘नेस्ट’ तर एकाच शब्दाची दोन रूपं. गंमत अशी की आपलं ‘बसणे’ मात्र ‘सद्’वरून आलेलं नाही. ते ‘उपविश्’वरून, जुन्या मराठीतल्या ‘बैसणे’मधून उतरलं. म्हणजे बाईंनी जोडी लावली ती रक्ताच्या नात्याची नव्हती, घडणीच्या नात्याची होती. तरी ती अचूक होती.

आणि तिथंच सूर्यही सापडला. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत सूर्यास्ताला एक शब्द होता, ‘सेटलगाँग’. ‘सेटल’ म्हणजे आसन, ‘गाँग’ म्हणजे जाणं. दिवसभर चालून सूर्य संध्याकाळी आपल्या आसनाकडं जातो.

मी त्याच रविवारी गावी गेलो. बाई निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. ओटीवर बसून त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मला तो शब्द दोनदा म्हणायला लावला आणि कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहून ठेवला. मग म्हणाल्या, “प्रश्न तिचा होता. तिला कळवलंस का?”

मी कळवलं नव्हतं. दहावीनंतर ती कुठं गेली, कुणालाच सांगता येत नाही. वर्गमित्रांकडं दोन-तीनदा चौकशी केली, वाडीवरही जाऊन आलो, घर बंद होतं. सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका सगळ्या माजी विद्यार्थ्यांपर्यंत पोचवणार आहेत असं समितीनं कळवलं, तेव्हा मी हेच लिहायचं ठरवलं. आठवी ‘ब’, खिडकीकडची रांग, तिसरा बाक: तू विचारलं होतंस ते बरोबर होतं. तो बसतोच. आपल्या आसनावर.