दुधाचा हिशोब आणि बोलणारी मेंढी

रोमानियातल्या मेंढपाळांच्या गोष्टी ऐकायला बसलं, की त्यात देवादिकांपेक्षा चोरीचीच भीती जास्त भेटते. कुणी मेंढ्या चोरतंय, कुणी दूध, कुणी दुधातला कस. मी राहते त्या सिबिउ शहराजवळ, चिंद्रेल डोंगराच्या पायथ्याशी अठरा गावांचा एक पट्टा आहे, त्याला मर्जिनिम्या म्हणतात. जीना, पोयाना, रशिनार, तिलिश्का ही त्यातली नावाजलेली गावं. माणसं पिढ्यानपिढ्या मेंढ्यांवर जगलेली. इथली लोककथा कळायची तर आधी दुधाचा हिशोब कळला पाहिजे, असं माझं आता पक्कं मत झालंय.

उन्हाळ्यात घरोघरच्या मेंढ्या एकत्र करून डोंगरावर पाठवायच्या, ही जुनी रीत. वर लाकडी खोपटं आणि कुंपणं असलेला वाडा असतो, त्याला ‘स्तिना’ म्हणतात. तिथला कारभारी म्हणजे ‘बाच’. मेंढ्या सांभाळणारे ‘चोबान’ त्याच्या हाताखाली, पण चीज बनवायचं काम त्याचं स्वतःचं. मेंढपाळांचं वर्ष संत जॉर्जच्या दिवशी, २३ एप्रिलला सुरू होतं आणि संत दुमित्रूच्या दिवशी, २६ ऑक्टोबरला संपतं. मधले महिने तुमची मेंढी दुसऱ्याच्या ताब्यात. मग तिचं दूध किती आणि तुमच्या वाट्याचं चीज किती, हे ठरवायचं कसं?

त्यासाठी हंगामाच्या सुरुवातीला मोजणीचा दिवस असतो. प्रत्येकाच्या मेंढ्यांचं दूध वेगळं काढायचं, बादलीत खाचा पाडलेली काठी उभी धरायची आणि दूध कुठल्या खाचेपर्यंत आलं ते सगळ्यांदेखत बघायचं. त्यावर पुढच्या काही महिन्यांचा वाटा ठरणार. लिहिता-वाचता न येणाऱ्यांच्या काळात हा हिशोब ‘रबोझ’वर ठेवत. एका काठीवर खाचा पाडून ती उभी चिरायची, अर्धी मालकाकडे, अर्धी बाचकडे. शरद ऋतूत दोन्ही अर्धुकं जुळवली की खाचेला खाच लागलीच पाहिजे. कुणी गुपचूप एखादी खाच वाढवली तर तिथल्या तिथे उघडं पडणार. रबोझ आता वहीत आणि मोबाइलमध्ये गेलाय, पण मोजणीच्या दिवशी मालक मंडळी एकमेकांच्या बादल्यांकडे ज्या नजरेने बघतात, ती नजर काही बदललेली नसावी! हसणं, खाणंपिणं, गाणी सगळं चालू, आणि डोळे मात्र काठीवर.

दूध काढतात ती जागा बघण्यासारखी असते. कुंपणाला एक अरुंद फट ठेवलेली, ती ‘स्त्रुंगा’. मागून एक पोरगा काठीने मेंढ्या हाकलतो, पुढे बुटक्या स्टुलावर चोबान बसलेले. मेंढी फटीतून डोकं काढते न काढते तोच तिला मागून धरायचं, चार-सहा पिळे, की झाली मोकळी, पुढची. इथली जात त्सुर्काना, लांब राठ केसांची. तिच्या लोकरीत चिखल, काटे, गवत सगळं लोंबत असतं. वास अर्थातच दणदणीत.

दूध कोमट असतानाच त्यात विरजण घालतात, आपलं ताकाचं नव्हे, कोकराच्या जठरातलं. दही धरलं की बाच ते हाताने मोडतो, फडक्यात बांधून टांगतो आणि दाबतो. ते झालं ‘काश’, म्हणजे ताजं चीज. उरलेलं पाणी मोठ्या कढईत पुन्हा तापवलं की वर जे मऊ, गोडसर फुटतं ती ‘उर्दा’. तीही काढल्यावर राहिलेल्या पाण्यावर कुत्री आणि डुकरं पोसतात. काश मुरवून, कुस्करून, मीठ लावून मेंढीच्या कातड्यात किंवा जठरात ठासून भरतात, त्या झणझणीत प्रकाराची सवय व्हायला वेळ लागतो. मला उर्दाच प्रिय, मक्याच्या पिठाच्या घट्ट ममलिगाबरोबर.

आता गोष्टींकडे. संत जॉर्जच्या आदल्या रात्री चेटकिणी फिरतात आणि गाई-मेंढ्यांच्या दुधातला ‘माना’, म्हणजे कस, पळवतात, अशी समजूत आहे. जनावर तेच, चारा तोच, दूध मात्र पांचट. म्हणून दारांना, गोठ्यांना हिरव्या डहाळ्या लावायच्या. ३० नोव्हेंबरला संत आंद्रेईचा दिवस येतो, तो लांडग्यांचा. आदल्या रात्री दारं-खिडक्यांना लसूण चोळतात, कारण तेव्हा मेलेलेही, म्हणजे ‘स्त्रिगोय’, बाहेर पडतात. ड्रॅक्युलाच्या नावाखाली पर्यटकांना जे विकतात, त्यापेक्षा ही लसणाची गोष्ट मला कितीतरी खरी वाटते. ज्याचं सगळं धन चार पायांवर उघड्या रानात उभं आहे, तो रात्री दुसरा कसला विचार करणार?

आणि ‘मिओरित्सा’. कवी वासिले अलेक्सांद्री याने हे लोकगीत १८५० मध्ये प्रसिद्ध केलं आणि ते शाळकरी मुलांना पाठ असण्याइतकं राष्ट्राचं झालं. तीन मेंढपाळ. त्यातल्या मोल्दावियाच्या माणसाकडे मेंढ्या जास्त, कुत्री चांगली, म्हणून उरलेले दोघे त्याला मारायचं ठरवतात. त्याची लाडकी मेंढी बोलू लागते आणि कट सांगते. तो ना पळतो, ना लढतो. मला वाड्याजवळच पुरा, उशाशी बासरी ठेवा, आईला सांगा की मी राजकन्येशी लग्न केलं, एवढंच म्हणतो. या शांतपणावर रोमानियन विद्वानांनी भरपूर शाई खर्च केली आहे. मला मात्र सुरुवातीच्या ओळीच महत्त्वाच्या वाटतात: खुनाचा कट शिजला तो मेंढ्यांच्या संख्येवरून. गंमत म्हणजे मारेकऱ्यांपैकी एक ट्रान्सिल्व्हेनियाचा, म्हणजे आमच्या बाजूचा! इकडे हीच कथा नाताळच्या कॅरोलमध्ये गातात आणि तिथे बऱ्याचदा मारला जातो तो परका, नात्याबाहेरचा मेंढपाळ.

आपले धनगर दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातात, तसे इथले लोक थंडीत कळप घेऊन बनातच्या किंवा डॅन्यूबकाठच्या मैदानांत उतरत, शेकडो किलोमीटर पायी. कम्युनिस्ट राजवटीत सपाटीची शेती सामुदायिक झाली, डोंगरातली ही गावं बरीचशी सुटली. पोयानातली भलीमोठी घरं बघितली की मेंढ्यांनी काय कमावून दिलं ते कळतं. आता बरेच कळप ट्रकने जातात. हंगामी स्थलांतराची ही परंपरा युनेस्कोच्या यादीत होतीच, २०२३ मध्ये तिच्यात रोमानियाचंही नाव जोडलं गेलं. मान मिळाला, माणसं मात्र मिळत नाहीत. तरुण जर्मनीला, स्पेनला गेले.

कुत्र्यांवरूनही मोठं रण पेटलं होतं. शिकारीच्या कायद्यात बदल करून कळपामागे किती कुत्री ठेवायची यावर मर्यादा आणि हिवाळी चराईवर बंदी आली, तेव्हा डिसेंबर २०१५ मध्ये मेंढपाळ कातडी कोट घालून बुखारेस्टला संसदेवर धडकले. अस्वलं आणि लांडगे असलेल्या डोंगरात कळपामागे तीन कुत्री पुरे, हे ज्याने ठरवलं त्याने एक रात्र वाड्यावर काढायला हवी होती, असं मीही म्हणेन.

इकडे फिरायला येणार असाल तर मे ते सप्टेंबर बरा. डोंगरात कळप दिसला की लांबूनच वळसा घाला. कुत्री अंगावर आलीच तर पळू नका, दगड उचलू नका, जागच्या जागी उभे राहा आणि चोबानला मोठ्याने हाक मारा. तो शिट्टी घालेपर्यंत वेळ जातो. घाई त्याला नसते.